रोजच्या वीस मिनिटांत आवरलेलं स्वयंपाकघर: क्रम, प्रमाण आणि त्यामागची कारणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात रोज दोन वेळा स्वयंपाक होतो, आवरायला दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास खपून सगळं लख्ख केलं जातं, आणि तरीही आठवड्याच्या मध्यापर्यंत ओटा भरलेला, सिंक तुडुंब आणि शेगडी चिकट. थोड्या वेळात निभेल अशी रोजची पद्धत कोणती?

अशी पद्धत आहे. पण आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्वयंपाकघर आवरायला किती वेळ लागेल हे घाण किती झाली यापेक्षा ती किती वेळ पडून राहिली यावर ठरतं. तेलाचा ताजा शिंतोडा कोमट साबणाच्या फडक्याने एका हातासरशी निघतो. तोच शिंतोडा तापणाऱ्या शेगडीशेजारी आठवडाभर राहिला, तर उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पिवळसर, चिवट थर तयार होतो. मग साधा साबण पुरत नाही. सोडा लावून थांबावं लागतं, वर घासावं लागतं. ताटातलं पिठूळ खरकटं ओलं असताना नळाच्या धारेखाली निघून जातं, वाळलं की अर्धा तास भिजत ठेवावं लागतं. सिंकमध्ये थांबलेलं पाणी आटलं की त्यातले क्षार पांढरे डाग होऊन मागे राहतात. सुट्टीच्या दिवशीचे ते दोन-तीन तास बहुतांशी जुनी घाण पुन्हा मऊ करण्यात जातात.

म्हणून रोजचा क्रम लावताना एकच विचार करायचा: समोर जे आहे त्यातलं आधी काय वाळेल, काय गोठेल, काय चिकटेल? त्याला आधी हात लावायचा. खाली दिलेला सगळा क्रम याच विचारातून आलेला आहे.

ओटा मोकळा असेल तरच पुसला जातो

पद्धत सुरू करण्याआधी एकदाच करायचं काम म्हणजे ओट्यावरून वस्तू उतरवणं. ओट्यावर पंधरा बरण्या असतील तर पुसायला प्रत्येक बरणी उचलावी लागते, आणि थकलेला माणूस ती उचलत नाही. तो बरण्यांच्या मधून फडकं फिरवतो. बरण्यांच्या तळाशी तेलाची कडी जमत जाते आणि तीच पुढे हाताला चिकटते. जी वस्तू रोज वापरली जाते तेवढीच ओट्यावर राहू द्या. बाकी सगळी कपाटात. आणि जी राहील ती शेगडीपासून किमान दोन हात लांब. शेगडीच्या कडेला उभ्या केलेल्या बाटल्या दिसायला सोयीच्या वाटतात, पण तेलाची वाफ सगळ्यात आधी त्यांच्यावर बसते आणि वर धूळ चिकटते. शेगडीजवळ वस्तू हव्याच असतील तर त्या एका कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे पुसताना एकच गोष्ट उचलावी लागते आणि महिन्याने ट्रेच धुता येतो.

दुसरी तयारी भांडी निथळण्याच्या जागेची. निथळणीची जाळी लहान असेल तर धुतलेली भांडी ओट्यावर पसरतात आणि आवरलेला ओटा पुन्हा भरतो. एका जेवणाची सगळी भांडी मावतील एवढी जाळी हवी, तिच्याखाली पाणी सिंकमध्ये वळवणारा उतार हवा. जागाच नसेल तर वापरातली भांडी कमी करा. चार माणसांच्या घरात वीस पेले हाताशी असतील तर वीसच्या वीस सिंकमध्ये येतात, सहा असतील तर वापरला तो विसळून पुन्हा घेतला जातो. जास्तीची भांडी वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी.

तिसरी तयारी फडक्यांची. त्यांचा विषय मोठा आहे, तो पुढे घेते.

सकाळची तीन मिनिटं

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारं काम सकाळी असतं: रात्री निथळलेली भांडी जागेवर लावणं. एवढंच. चहा उकळेपर्यंत होतं. जाळी भरलेली राहिली तर सकाळची उष्टी भांडी धुवायची सोय उरत नाही, ती सिंकमध्ये साठतात, दुपारची त्यांच्यावर येतात, आणि रात्री ढीग उपसावा लागतो. अनेक घरांत सिंक तुंबलेलं दिसतं त्याचं मूळ सिंकमध्ये नसतं, न उचललेल्या जाळीत असतं. भांडी धुण्याचं यंत्र असेल तर हाच नियम त्याला लागू: रात्री चालवायचं, सकाळी उठल्याबरोबर रिकामं करायचं. यंत्रात स्वच्छ भांडी अडकून पडली की उष्टी बाहेर साचतात.

स्वयंपाक चालू असताना

उकळी येण्याची, शिजण्याची, निवण्याची वाट बघण्यात स्वयंपाकाचा बराच वेळ जातो. त्या फटींमध्ये अर्धी आवराआवर सहज होते, फक्त त्यासाठी सोय आधी करून ठेवावी लागते. चिरायला बसण्यापूर्वी सालं-देठांसाठी एक मोठा वाडगा शेजारी घ्या. केराच्या डब्यापर्यंतच्या फेऱ्या वाचतात आणि वाटेत सांडत नाही. सिंकमध्ये किंवा शेजारी एका टोपात लिटरभर कोमट पाण्यात छोटा चमचाभर भांड्यांचा द्रव साबण घालून ठेवा. चमचे, झारे, वाट्या काम संपताक्षणी त्यात. सुऱ्या मात्र त्यात कधीही टाकू नका. फेसाखाली पातं दिसत नाही आणि हात कापतो. सुरी वापरून झाली की लगेच धुऊन पुसून जागेवर.

आता भिजवण्याबद्दल, कारण इथे सर्रास गडबड होते. सगळ्याच भांड्यांवर गरम पाणी ओतायची सवय असते. तेला-तुपाच्या आणि साखरेच्या पाकाच्या भांड्यांना गरम पाणी योग्यच: स्निग्ध पदार्थ पातळ होतो, साखर लवकर विरघळते. पण दुधाच्या आणि अंड्याच्या भांड्यांना आधी थंड पाणी द्या. त्यांतली प्रथिनं साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गोठून भांड्याच्या अंगाला घट्ट बसतात. भिजवलेल्या पिठाच्या परातीचंही तेच. कच्चा स्टार्च गरम पाण्यात फुगून खळीसारखा होतो आणि घासणीच्या जाळ्यात अडकतो. परात थंड पाण्यात पाच मिनिटं ठेवून हातानेच पीठ मोकळं करा, मग साबण लावा.

भांडं करपलं असेल तर खरवडायला धावू नका. करपलेला थर बुडेल एवढं पाणी, त्यात एक-दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, आणि मंद आचेवर पाच ते दहा मिनिटं उकळी. निवलं की लाकडी उलथन्याने थर सुटतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला हे करू नका, सोड्याने ते काळं पडतं. तिथे सोड्याऐवजी द्रव साबणाचे काही थेंब घालून उकळा. नॉनस्टिक तवा तापलेला असताना थंड पाण्याखाली धरला तर तो वाकतो, तळ समपातळीत राहत नाही आणि पुढे तेल एका बाजूला जमतं. बिडाचा तवा भिजत ठेवायचाच नाही. धुऊन, गरम करून कोरडा करायचा आणि तेलाचा पुसट हात द्यायचा.

काही सांडलं तर लगेच टिपा. शेगडीवर उतू गेलेलं असेल तर आच बंद करून पृष्ठभाग हात लावण्याजोगा कोमट झाला की पुसा. कोमट असतानाच ते मऊ असतं. याला एक अपवाद आहे आणि तो महागात पडतो. काचेच्या सपाट इलेक्ट्रिक शेगडीवर साखर किंवा पाक सांडला तर गार होऊ देऊ नये. गार होताना साखर काचेला घट्ट धरते आणि पृष्ठभागाचे टवके निघतात. त्या शेगडीसाठी मिळणारी पात्याची खरवडणी जराशी आडवी धरून, हातमोजा घालून, ती गरम असतानाच साखर बाजूला ओढा. गरम काचेवर थंड ओलं फडकं टाकणं मात्र टाळा, काच तडकू शकते.

रात्रीची आवराआवर: पंधरा ते अठरा मिनिटं

दिवसातली खरी पद्धत ही. रात्रीच का, तर पुढचे सात-आठ तास स्वयंपाकघरात कोणी नसतं. जे राहील ते तेवढा वेळ वाळणार, आणि झुरळं याच वेळी बाहेर पडतात.

पहिलं काम उरलेल्या अन्नाचं, दोन मिनिटं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात आणि खोलीचं तापमान नेमकं त्या पट्ट्यात असतं. खोल पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त थर होणार नाही अशा उथळ डब्यात काढा. लवकर गार होतं आणि मोठं पातेलंही घासायला मोकळं होतं. डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहा. तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर काढून टाकायचं. तारीख असली की वास घेऊन ठरवत बसावं लागत नाही, आणि वासावरून तसंही भरवशाने कळत नाही.

मग भांडी, सात-आठ मिनिटं. आधी सगळी खरकटी केराच्या डब्यात झटकून घ्या. ज्यात तेल उरलंय ती भांडी कागदाने पुसून घ्या. सिंकमध्ये ओतलेलं तेल नळीत पुढे गेल्यावर गार होऊन आतून थर धरतं, आणि त्या थराला अन्नाचे कण चिकटून नळी अरुंद होत जाते. हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पाणी तुंबेपर्यंत सगळं ठीक चाललेलं दिसतं. धुण्याचा क्रम: पेले, मग चमचे, मग ताटं-वाट्या, मग शिजवायची भांडी, शेवटी सगळ्यात तेलकट. उलटं केलंत तर साबणाचं पाणी पहिल्याच भांड्यात तेलकट होतं आणि पेल्यांवर पुसट पडदा राहतो. पाणी हाताला सोसेल एवढं गरम, ४०-४५ अंश. फेस बसला, पाणी गढूळ झालं की ते बदला. साबणाचे रेणू एकदा तेलाच्या थेंबांना वेढून बसले की नव्या तेलासाठी शिल्लक राहत नाहीत आणि तेल पाण्यात तसंच तरंगत राहतं. विसळलेली भांडी जाळीत उभी किंवा पालथी, एकात एक न घालता. फडक्याने पुसण्यापेक्षा हवेवर वाळू देणं जास्त स्वच्छ असतं, आणि वेळही वाचतो.

चिरायची फळी लाकडी असेल तर तिला पाण्यात बुडवून ठेवू नका. तिच्या दोन्ही बाजू ओल्या करून धुवा आणि उभी वाळवा. एकच बाजू ओली झाली तर तीच बाजू फुगते आणि फळी वाकते. वाकलेली फळी चिरताना डुगडुगते.

भांडी झाली की शेगडी, दोन मिनिटं. गॅसची असेल तर जाळ्या उचला, खाली कोमट साबणाचं फडकं फिरवा, मग साध्या पाण्यात पिळलेलं. बर्नरच्या टोप्यांवर काही सांडलं असेल तेव्हाच त्या धुवायच्या, आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच बसवायच्या. भोकात पाणी किंवा खरकटं अडकलं की हवा आणि गॅसचं मिश्रण बिघडतं, ज्योत निळीऐवजी पिवळी होते आणि भांड्यांच्या बुडाला काजळी धरते. काळी पडणारी बुडं घासण्यात रोजची पाच मिनिटं जात असतील तर आधी भोकं तपासा. ती टाचणीने मोकळी करा. दात कोरायची काडी वापरू नका, तिचं टोक आत मोडून बसतं. भोकं साफ करूनही ज्योत पिवळीच राहिली तर शेगडी दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

ओट्याला दोन मिनिटं पुरतात, पण पद्धत महत्त्वाची. आधी कोरडे कण हाताने किंवा छोट्या ब्रशने गोळा करून केराच्या डब्यात टाका. कणांवर थेट ओलं फडकं फिरवलं तर त्यांचा लगदा होतो आणि तो ओटाभर पसरतो. मग फडकं दोनदा दुमडून चौपदरी करा. असं केलं की त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी उलटायची, मधे विसळावं लागत नाही. भिंतीपासून पुढे, आणि लांबच्या टोकाकडून सिंकच्या दिशेने पुसत या. शेगडीमागच्या भिंतीवरचा हातभर भागही याच फेरीत घ्या. पुसायच्या पाण्याचं प्रमाण: अर्धा लिटर कोमट पाण्यात पाव छोटा चमचा द्रव साबण. ओटा पुसूनही चिकट लागत असेल तर बहुतेक वेळा साबण जास्त झालेला असतो. न धुतला गेलेला साबण स्वतःच पातळ चिकट थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. आठवडाभर प्रमाण कमी करून, शेवटी साध्या पाण्याचा एक हात देऊन बघा.

यानंतर शेगडी आणि सिंक यांच्यामधल्या जमिनीच्या पट्ट्यावर झाडू आणि एक ओला हात, दीड-दोन मिनिटं. पूर्ण फरशी रोज पुसायची गरज नसते. तेल या पट्ट्यातच सांडतं आणि पायांनी घरभर जातं.

सिंक अगदी शेवटी, कारण बाकी सगळ्याचं पाणी तिथेच येतं. जाळीतलं खरकटं काढा, सिंक साबणाने घासा. निचऱ्याच्या तोंडाची कडा आणि नळाची मूठ विसरू नका, दोन्हीला मळके हात सतत लागतात. स्टीलच्या सिंकवर बारीक रेघा असतात, त्या रेघांच्या दिशेने घासा म्हणजे ओरखडे उठून दिसत नाहीत. लोखंडी तारेची घासणी इथे नको. तिचे कण स्टीलमध्ये रुतून गंजतात आणि लोक म्हणतात सिंकच गंजलं. खारट पाणी किंवा ब्लीच रात्रभर सिंकमध्ये राहू देऊ नका, क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात. मग कोरड्या फडक्याने सिंक पुसून घ्या. हे तीस सेकंदांचं काम फार लोक फाजील समजतात, पण याचे दोन फायदे आहेत: क्षारांचे डाग पडत नाहीत, आणि झुरळांना पाणी मिळत नाही. झुरळं अन्नाशिवाय आठवडेच्या आठवडे काढतात, पाण्याशिवाय मात्र त्यांचा निभाव फार दिवस लागत नाही. नळ ठिबकत असेल तर झुरळांवर औषध मारण्याआधी तो वॉशर बदला.

ओला केर रात्रीच घराबाहेर जायला हवा. चिलटं अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस घेतात, आणि ती अंडी पिकलेल्या फळांवर, सालांवर, केराच्या डब्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यात घालतात. ओला केर रोज गेला आणि डबा आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन उन्हात वाळला तर हे चक्र तुटतं. केर रोज जातोय आणि चिलटं तरी आहेत, असं असेल तर निचऱ्याच्या नळीच्या आतला बुळबुळीत थर बघा. लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासून साबणाचं गरम पाणी सोडा. नळी प्लास्टिकची असेल तर उकळतं पाणी ओतू नका. पीव्हीसी मऊ पडून सांधे सैल होतात.

फडकी आणि घासणी

आवरलेल्या स्वयंपाकघरात येणारा कुबट वास बहुतेक वेळा फडक्याचा असतो. दिवसभर ओलं, अन्नाचे कण लागलेलं आणि गोळा करून नळाखाली ठेवलेलं फडकं ही जिवाणू वाढायला उत्तम जागा, आणि त्यानेच ओटा पुसला की सगळीकडे तेच पसरतं. तीन फडकी वेगळी हवीत: ओट्याचं, हात पुसायचं, जमिनीचं. रंग वेगळे ठेवले की घरात कोणाचाही गोंधळ होत नाही. ओट्याचं फडकं रात्री साबणाने धुऊन, घट्ट पिळून, पूर्ण उलगडून दांडीवर टाका. घडी घालून टाकलेलं मधे ओलंच राहतं. दर एक-दोन दिवसांनी नवं घ्या आणि वापरलेली ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा पाच मिनिटं उकळा. अशी सात-आठ फडकी असली की आठवडा निघतो. जुन्या सुती कपड्याची चालतात, नव्हे जास्त चांगली. सुती कापड पाणी नीट शोषतं आणि उकळता येतं.

घासणी वापरल्यावर पिळून, हवा लागेल अशी उभी ठेवा. बंद डबीत साबणाच्या पाण्यात बुडलेली घासणी दोन दिवसांत वास धरते. स्पंज पूर्ण ओला असताना मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट गरम केला तर बहुतेक जिवाणू मरतात. कोरडा स्पंज पेट घेऊ शकतो आणि धातू असलेली घासणी आत चालत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बाहेर काढताना तो भाजतो. तरीही दोन-तीन आठवड्यांत स्पंज बदलाच. वास यायला लागला तर त्याआधी.

कशाने पुसायचं

रोजच्या कामाला द्रव साबण आणि कोमट पाणी पुरतं. बाकीच्या गोष्टी ठरावीक कामाच्या आहेत. खाण्याचा सोडा सौम्य घासणीचं काम करतो: तीन भाग सोडा, एक भाग पाणी अशी लापशी चिकट्यावर पंधरा-वीस मिनिटं ठेवून पुसा. फार जुन्या तेलकट थरासाठी धुण्याचा सोडा जास्त परिणामकारक, एक मोठा चमचा एक लिटर गरम पाण्यात, हातमोजे घालून; ॲल्युमिनियमला मात्र लावायचा नाही. व्हिनेगर क्षारांच्या पांढऱ्या डागांवर, समान पाणी मिसळून. संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडाच्या ओट्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पडता कामा नये, आम्लाने दगडाची झिलई कायमची जाते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस दिसतो छान, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि उरतं जवळजवळ साधं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळी वापरा. ब्लीचच्या बाबतीत मात्र चूक जिवावर बेतू शकते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया असलेलं क्लीनर मिसळलं तर क्लोरामाइनचे वायू. दोन्ही विषारी आहेत आणि बंद स्वयंपाकघरात धोका लगेच वाढतो.

रोज सगळा ओटा निर्जंतुक करायची गरज नसते. कच्चं मांस, मासे किंवा अंडी यांचा स्पर्श झालेली जागा मात्र वेगळी धरा. आधी साबणाने धुवा, मग पाच-सहा टक्क्यांचं बिनवासाचं साधं ब्लीच एक लिटर पाण्यात ४ मिलिलिटर या प्रमाणात घेऊन ओलं करा आणि आपोआप वाळू द्या. साबण आधीच का, तर अन्नाचे कण राहिले की क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतं. हे पाणी रोज ताजं करा, साठवू नका.

आठवड्यातून एकदाची कामं रोजच्या अंगावर टाका

मोठी सफाई कमी करायची तर तिचे तुकडे करून एकेका वाराला बांधा, रोज पाच मिनिटं. सगळ्यात महत्त्वाचा तुकडा फ्रिजचा, आणि तो नेहमी बाजारहाट करण्याच्या आदल्या दिवशी, कारण तेव्हा फ्रिज सर्वांत रिकामा असतो. एका दिवशी एकच कप्पा रिकामा करून पुसला तरी चालतं. जुने डबे पुढे, नवे मागे. कच्चं मांस-मासे खालच्या कप्प्यात, झाकलेल्या भांड्यात, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर गळत नाही. आतलं तापमान ४ अंश किंवा त्याखाली आहे ना, हेही बघा. बाकी वारांना मूठी आणि स्विचची बटणं (फडकं पिळून, कोरडं करून, स्विचवर कधीही फवारा नको), शेगडीवरच्या कपाटाची दारं, केराचा डबा, मायक्रोवेव्हचा आतला भाग. मायक्रोवेव्हसाठी वाटीभर पाणी तीन-चार मिनिटं उकळवून दार पाच मिनिटं बंद ठेवा, वाफेने सगळं सुटतं. पाणी उकळताना वाटीत लाकडी चमचा ठेवा. नाहीतर ते उकळबिंदूच्या पुढे जाऊन हलवताच अंगावर उसळू शकतं.

चिमणीचा फिल्टर महिन्यातून एकदा, तळण जास्त होत असेल तर दर पंधरा दिवसांनी. गरम पाणी आणि द्रव साबणात वीस-तीस मिनिटं बुडवा, मऊ ब्रशने घासा, पूर्ण वाळल्यावर बसवा. फिल्टर तुंबला की तेलकट वाफ बाहेर जायच्या ऐवजी कपाटांवर बसते, म्हणजे हे एक काम चुकलं तर बाकी चार कामं वाढतात.

सुरुवात कशी करावी, आणि काम वाटायचं कसं

आधीचा थर जुना असेल तर पहिल्या दिवशी ही पद्धत वीस मिनिटांत बसणार नाही, पाऊण तास जाईल आणि लोक तिथेच सोडून देतात. त्यापेक्षा पहिले दोन आठवडे रोजची आवराआवर फक्त नव्या घाणीपुरती ठेवा, आणि जुन्या थरासाठी वेगळी दहा मिनिटं एकाच जागेला द्या: आज शेगडीमागची भिंत, उद्या कपाटाच्या दोन दारांच्या कडा. एकदा जुनं संपलं की रोजचा वेळ आपोआप खाली येतो.

घरात दोन माणसं असतील तर "मदत कर" म्हणून काम वाटलं जात नाही. एकाकडे भांडी आणि सिंक पूर्ण, दुसऱ्याकडे अन्न काढणं, शेगडी, ओटा, केर आणि जमीन पूर्ण. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, आणि आठ-नऊ मिनिटांत दिवा मालवता येतो. मुलांकडे सकाळची चमच्यांची मांडणी द्या. पाच-सहा वर्षांचं मूलही ती नीट करतं, सुऱ्या तेवढ्या आधी उचलून ठेवा.

अगदीच थकवा आलेल्या रात्री काय सोडायचं हेही ठरलेलं असावं, नाहीतर सगळंच सुटतं. जमीन सोडा, ताटं-वाट्या सोडा. उरलेलं अन्न फ्रिजमध्ये ठेवा. भांड्यांतलं खरकटं झटका, ती एकदा विसळून एकात एक रचून टोपात झाकून ठेवा. साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवू नका, सकाळी पाणी गार होऊन तेल पुन्हा भांड्यांवर बसलेलं असतं. भिजत फक्त करपलेलं भांडं राहू द्या. शेगडीवर एक ओला हात फिरवा, ओला केर बाहेर न्या, सिंक कोरडं करा, फडकं धुऊन पसरा. याला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि सकाळी भांडी धुण्याखेरीज काही वाढलेलं नसतं.